खान घरी जेवतो का? : नाटक, सिनेमा आणि आपल्या मनातला मुसलमान

(पोंभुर्णा येथे दिलेल्या व्याख्यानाचं हे लेखरूप. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



थंडीच्या दिवसांत झाडीपट्टीतला माणूस रात्री घराबाहेर पडतो तो नाटकासाठी. आज तुम्ही व्याख्यानासाठी बाहेर पडलात, म्हणून आधी तुमचे आभार मानतो. आणि सुरुवात नाटकापासूनच करतो, म्हणजे तुमची रात्र अगदीच वाया जायची नाही.

मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. इथून फार लांब नसलेल्या एका गावात मंडईच्या निमित्तानं आम्ही नाटक बसवलं होतं. ऐतिहासिक. त्यात एक खान होता. खान नसेल तर ऐतिहासिक नाटक कसलं, अशी आमची तेव्हा ठाम समजूत. मला खानाच्या शिपायाचं काम होतं. दोन वाक्यं बोलायची आणि तिसऱ्या अंकात मरायचं.

खानाचा हिरवा अंगरखा शिवायला गावातल्या शिंप्याकडे दिला. ते मुसलमान होते. गावात त्यांचं एकच घर. लहानथोर सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी अंगरखा शिवला, पदरची जरीची किनार लावली, आणि शिलाई निम्मीच घेतली. कारण नाटक गावाचं होतं. नाटकाच्या रात्री ते मागच्या बाजूला घोंगडी पांघरून बसले होते. खान आला. डोळ्यांत हे एवढं काजळ, हातात कोंबडीची तंगडी. पोट हलवत तो असा काही हसला की पब्लिकनं शिट्ट्यांनी मांडव डोक्यावर घेतला.

दोन दिवसांनी अंगरख्याची उसवलेली बाही शिवायला मी चाचांकडे गेलो. त्यांनी बाही पाहिली, मशीनवर घेतली, आणि मान वर न करता विचारलं, "बेटा, तुमचा तो खान कधी घरी जेवतो का रे?"

मला प्रश्न कळलाच नाही. मी म्हटलं, "चाचा, तो तर स्टेजवरच तंगडी खाते ना!"

ते म्हणाले, "ते नाही रे. घरी. बायकापोरांत बसून."

मी हसलो, अंगरखा घेतला आणि आलो. उत्तर दिलं नाही. आज जे बोलणार आहे ते त्याच उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे, असं समजा.

अपवादाचा कप्पा

पूर्वग्रह म्हणजे द्वेष, असं आपण धरून चालतो. मग म्हणतो, माझ्या मनात कुणाचा द्वेष नाही, म्हणजे पूर्वग्रहही नाही. इथंच आपण फसतो.

आमच्या गावात चाचांचा द्वेष कुणीही करत नव्हतं. लग्नाकार्यात त्यांना मानाचं बोलावणं असायचं. ईदेला त्यांच्या घरचा शीरखुर्मा डब्यांतून घरोघर यायचा, आणि आम्ही पोरं डबा चाटूनपुसून परत करायचो. तरीही तेच गाव खान हसला की खूष व्हायचं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं कुणाच्या डोक्यातही यायचं नाही.

असं कसं होतं? तर मनात दोन कप्पे असतात. एका कप्प्यात चाचा, दुसऱ्यात 'ते लोक'. चाचा भले, पण 'ते लोक' तसे नसतात. चाचा म्हणजे अपवाद. बघा, ओळखीच्या माणसामुळं पूर्वग्रह मोडतो असं आपण म्हणतो. पण पुष्कळदा आपण त्या माणसालाच अपवाद ठरवतो आणि पूर्वग्रह जसाच्या तसा सांभाळून ठेवतो. "माझे किती मुसलमान मित्र आहेत" असं सांगणाऱ्याचंही असंच होतं. मित्र एका कप्प्यात, मत दुसऱ्या कप्प्यात, आणि मधलं दार बंद.

आता आपल्या भागाचा विचार करा. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुसलमान साधारण साडेअकरा टक्के आहेत. आपल्या या जंगलपट्टीत त्याहून बरेच कमी. एखाद्या गावात एक घर, कुठं दोन-चार, कुठं एकही नाही. आठवडी बाजारात बांगड्या भरणारा मणियार भेटतो, गाडी दुरुस्त करणारा मिस्त्री भेटतो, पूर्वी गाद्या पिंजायला पिंजारी दारावर यायचा. म्हणजे त्यांचे हात आपल्या ओळखीचे असतात. घर ओळखीचं नसतं. आणि घराची ती रिकामी जागा कोण भरतं? पूर्वी नाटक भरायचं, मग सिनेमा आला, आता खिशातला मोबाईल भरतो. म्हणून मी म्हणतो, या विषयात नाटक-सिनेमा ही चैनीची गोष्ट नाही. जिथं माणूस कमी भेटतो, तिथं त्याचं चित्रच त्याच्याऐवजी हिंडत असतं.

दोन शेजारी

आता आपण जरा इथून निघून पुण्याला जाऊ. साल १९४१. प्रभात फिल्म कंपनीत व्ही. शांताराम एक चित्रपट करत होते. मराठीत त्याचं नाव 'शेजारी', हिंदीत 'पडोसी'. लेखक विश्राम बेडेकर. आधीच्याच वर्षी, मार्च १९४० मध्ये, लाहोरला मुस्लिम लीगचा ठराव झाला होता. देशाचं पुढं काय होणार, ही धास्ती घराघरांत होती. अशा वेळी शांतारामबापूंनी पडद्यावर दोन म्हातारे आणले. एक हिंदू, एक मुसलमान. मराठीत जिवबा पाटील आणि मिर्झा. शेजारी राहतात, बुद्धिबळ खेळतात, एकमेकांवाचून त्यांचं पान हलत नाही. मग गावात धरण बांधू पाहणारा एक धनवान येतो. या दोघांची मैत्री त्याच्या आड येते, म्हणून तो संशयाची काडी टाकतो. मैत्री तुटते. शेवटी धरण फुटतं आणि त्या लोंढ्यात दोघे म्हातारे एकमेकांचा हात धरून जातात.

या चित्रपटाची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मराठीत जिवबा झाले केशवराव दाते आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार. हिंदीतही मिर्झा जागीरदारांनीच केला. पण हिंदीतला हिंदू ठाकूर कुणी केला? मझहर खान यांनी. म्हणजे 'पडोसी'त मुसलमान नट हिंदू म्हातारा झाला आहे आणि हिंदू नट मुसलमान म्हातारा झाला आहे. शेजारी बसून दोघे पट मांडतात आणि बघणाऱ्याला कुठं खटकत नाही.

यातून काय कळतं? दाढी चिकटवता येते, टोपी घालता येते, गंध लावता येतं. वेश शिंपी शिवून देतो. आमचा खान कुणी शिवला होता, आठवतंय ना? मग वेशाच्या आत जे असतं, मित्रावर रुसणं, पट उधळून उठणं आणि संध्याकाळ झाली की जीव कासावीस होणं, ते मात्र दोघांचं एकाच मापाचं.

पण 'शेजारी'ला आठ दशकं उलटून गेली. आज तो पाहताना एक अडचणही दिसते, ती लपवायला नको. दोघे म्हातारे फार चांगले आहेत, आणि आपल्याला त्यांचं खरं प्रेम वाटतं ते ते बुडतात तेव्हा. इथून पुढं आपल्या सिनेमाला एक सवय लागली. चांगला मुसलमान दाखवायचा तर तो म्हातारा, दाढीवाला, दुवा देणारा, आणि कथानकाला गरज पडली की जीव देणारा. 'शोले'तला आंधळा इमामसाहेब आठवा. ए. के. हंगल यांनी ते काम जीव ओतून केलं आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण बघा, पोटचा मुलगा मारला गेला आणि त्याच वेळी तो गावाला धीर देतो. त्याला रागवायची, कोसळायची मुभाच नाही.

खान सारखा वाईट आणि चाचा सारखे चांगले. दोघांची एक गोष्ट मात्र सारखीच. दोघेही घरी जेवताना दिसत नाहीत.

भाड्याची खोली

घर दाखवणारा सिनेमा आला १९७३ साली. एम. एस. सथ्यू यांचा 'गरम हवा'. इस्मत चुगताई यांच्या एका अप्रकाशित कथेवरून तो घेतला. पटकथा कैफी आझमी आणि शमा झैदी यांची. फाळणीनंतरचं आग्रा. बलराज साहनींचा सलीम मिर्झा जोड्यांचा कारखाना चालवतो. नातेवाईक एकेक करून पाकिस्तानात चाललेत. हवेली भावाच्या नावावर, भाऊ निघून गेलेला, त्यामुळं हवेली हातची जाते. म्हातारी आई घर सोडायला तयार नाही. ती लाकडं ठेवायच्या खोलीत जाऊन लपते. पुढं मरणाच्या दारात असताना तिला पालखीतून त्याच हवेलीत आणतात आणि तिथं ती डोळे मिटते.

आणि मग सलीम मिर्झा भाड्याचं घर शोधत फिरतो. नाव सांगितलं की घर मिळत नाही. मारामारी नाही, शिवीगाळ नाही. समोरचा माणूस सभ्यपणे दार लावून घेतो. आपल्यातली जी मुलं शिकायला चंद्रपूर, नागपूर, पुण्याला जातात, त्यांनी वर्गातल्या मुसलमान मित्राला खोली शोधताना एकदा सोबत करावी. नाव ऐकल्यावर खोली 'कालच गेलेली' असते. आडनाव ऐकून खोली नाकारली जाण्याचा अनुभव इथं बसलेल्यांपैकीही कुणाकुणाला असेल, जातीमुळं. त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

सलीम मिर्झा काही संत नाही. तो थकतो, खचतो, एका टप्प्यावर त्याचाही निर्धार ढळतो आणि तोही सामान बांधून निघतो. वाटेत मोर्चा दिसतो. मुलगा उतरून त्यात शिरतो, मग बापही उतरतो. मुलाच्या भूमिकेत फारूख शेख, त्यांचा हा पहिला चित्रपट. हा सिनेमा वाद होईल या भीतीनं सेन्सॉरकडे कित्येक महिने अडकून होता. नंतर त्यालाच राष्ट्रीय एकात्मतेवरच्या उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हा चित्रपट पाहून उठलेला माणूस मुसलमानांबद्दल फार ज्ञान घेऊन उठतो असं नाही. तो एका घराची काळजी घेऊन उठतो, आणि मला वाटतं तेच जास्त टिकतं.

नानी आणि चितंग्या

आता मराठीत, आणि अलीकडं येऊ. २००८ चा 'टिंग्या', मंगेश हाडवळे यांचा. जुन्नरकडचं शेतकरी घर. टिंग्याचा लाडका बैल चितंग्या बिबट्यासाठी लावलेल्या सापळ्यात सापडून जायबंदी होतो. पेरणी तोंडावर आलेली, बापावर कर्ज, बैल विकल्याशिवाय गत्यंतर नाही. शेजारी रशिदा नावाची मुलगी राहते, टिंग्याची मैत्रीण. तिची नानी आजारी आहे. आणि हा सात-आठ वर्षांचा पोरगा मोठ्यांना निरुत्तर करतो : नानी म्हातारी झाली, आजारी पडली, तर तिला औषधपाणी करता, मग माझ्या बैलाला का नाही?

या चित्रपटात मुसलमान घर हा 'विषय' नाही. कुणी एकात्मतेवर भाषण देत नाही. रशिदाचं घर तिथं आहे, जसं पाटलाचं असतं, सुताराचं असतं. पण सगळ्या कथेचं काळीज त्या घरातून जातं, कारण टिंग्याला माया म्हणजे काय हे नानीच्या खाटेपाशी कळतं. शेतकऱ्याच्या बैलाचं दुःख आणि मुसलमान म्हातारीचं मरण एकाच तागडीत ठेवायचं धाडस मोठ्या माणसाला झालं नसतं. पोराला झालं, कारण त्याच्या मनात अजून कप्पे पडले नव्हते.

'सैराट'मधला सल्या आठवतो? सलीम. परश्याचा दोस्त. मित्रासाठी मार खातो, थट्टा करतो, थट्टा करून घेतो. त्याच्या धर्मावर पटकथेनं एक मिनिटही खर्च केलेलं नाही. २०१६ साली अख्ख्या महाराष्ट्रानं तो पाहिला आणि तो 'आपला' वाटला. एखादी गोष्ट मुद्दाम न सांगण्यातूनही पुष्कळ सांगून होतं, ते असं.

मालेगावचा सुपरमॅन

इथपर्यंत जी चित्रं पाहिली, त्यांतली बरीचशी दुसऱ्यांनी काढलेली. आता ज्यांचं चित्र काढलं जातं, त्यांच्याच हातात कॅमेरा आला तर काय होतं, ते बघू. त्यासाठी नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावला जाऊ.

मालेगाव म्हटलं की बातम्या ऐकणाऱ्याला आधी काय आठवतं? बॉम्बस्फोट. ८ सप्टेंबर २००६ ला तिथं स्फोट झाले, तीसहून अधिक माणसं गेली, बहुतेक मुसलमान. त्या प्रकरणात आधी पकडले गेले तेही तिथलेच मुस्लिम तरुण. २०१६ मध्ये न्यायालयानं त्यांना आरोपमुक्त केलं. अटकेची बातमी सगळ्यांनी वाचली होती. आरोपमुक्तीची किती जणांनी वाचली, हे प्रत्येकानं स्वतःला विचारावं.

त्याच गावात यंत्रमागावर राबणारी माणसं शुक्रवारच्या सुट्टीला सिनेमा बघतात. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी गावातलेच दोस्त गोळा करून, अगदी तुटपुंज्या पैशांत 'मालेगाव के शोले' काढला. पुढं सुपरमॅनवर सिनेमा काढायचं ठरलं. तो कसा बनला, यावर फैजा अहमद खान यांनी माहितीपट केला, 'सुपरमेन ऑफ मालेगाव'. सुपरमॅन कोण? शफीक शेख, यंत्रमाग कामगार, अंगानं काडीपैलवान. त्याला उडवायला मागं हिरवं कापड लावलंय. शूटिंगच्या मध्येच कॅमेरा पाण्यात पडतो आणि सगळ्यांचे चेहरे उतरतात. शफीक पुढं कर्करोगानं गेले. या मंडळींच्या गोष्टीवर रीमा कागती यांनी केलेला 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा चित्रपट २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला.

मला यात काय दिसतं? या माणसांनी हातात कॅमेरा आल्यावर "आम्ही वाईट नाही हो" असं एकदाही म्हटलं नाही. त्यांनी विनोद केला. ज्याच्याकडं सारखा संशयानं बघितलं जातं, त्याला सारखा खुलासा करावा लागतो. आणि सारखा खुलासा करणाऱ्याला हसायला सवड मिळत नाही. मालेगावकरांनी ती सवड स्वतःची स्वतः काढली. आपल्या झाडीपट्टीला हे लगेच कळेल. कंपनीचं बजेट कमी, पडदे स्वतः रंगवायचे, दिवसा शेतात आणि रात्री स्टेजवर. वडशाच्या नाटक मंडळ्यांत आणि मालेगावच्या पोरांत मला तरी फार अंतर दिसत नाही.

त्या माहितीपटात आणखी एक गोष्ट दिसते, तीही सांगतो. सिनेमातल्या नायिकेसाठी बाई बाहेरून आणावी लागते. गावातल्या बायका कॅमेऱ्यासमोर येत नाहीत.

टीका आणि पूर्वग्रह

इथं कुणी म्हणेल, म्हणजे मुसलमान समाजाबद्दल फक्त गोड बोलायचं का? अजिबात नाही. १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांना घेऊन मोर्चा काढला. मागणी होती तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा. २२ मार्च १९७० ला त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. हे दलवाई कोकणातले, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, मराठीत कथा-कादंबऱ्या लिहिणारे. तत्काळ तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयानं रद्द ठरवला तो २०१७ साली, म्हणजे त्या मोर्चानंतर एक्कावन्न वर्षांनी. त्याच वर्षी राजन खान यांच्या कथेवरचा 'हलाल' हा मराठी चित्रपट आला. तोही बाईवर होणाऱ्या अन्यायाबद्दल स्पष्ट बोलतो.

मग दलवाईंची टीका आणि आमच्या नाटकातला खान, यांत फरक काय? दलवाईंना त्या सात जणींचं दुःख माहीत होतं. तलाक दिलेली बाई रात्री मूल घेऊन कुणाच्या दारात उभी राहते, हे त्यांना ठाऊक होतं. टीका करायला घरात जावं लागतं. पूर्वग्रहाला घराची गरज पडत नाही, त्याचं काम अंगरख्यावर भागतं.

उलट, मायेतसुद्धा पूर्वग्रह लपलेला असू शकतो. जर्मनीत १९७४ साली फासबिंडर या दिग्दर्शकानं एक चित्रपट केला. नावाचा अर्थ साधारण असा, की भीती माणसाचा जीव खाते. मोरोक्कोहून मजुरीला आलेला अली आणि साठीची जर्मन सफाई कामगार एमी लग्न करतात. शेजारीपाजारी तोंड फिरवतात, वाणी सामान देत नाही. पुढं वाण्याला गिऱ्हाईक हवं असतं, शेजारणीला सामान ठेवायला जागा हवी असते, आणि सगळे एकदम गोड होतात. आणि मग तीच एमी, जिनं सगळ्या जगाशी वैर घेतलं, ती मैत्रिणींना बोलावून अलीचे दंड दाबून दाखवते : बघा कसा मजबूत आहे. बैलबाजारात जनावर दाखवावं तसं. तो उठून निघून जातो. हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमच्या गावाची आठवण झाली. "आमचे चाचा पाहा, किती चांगले!" असं आम्ही पाहुण्यांना सांगायचो, तेही चाचांच्या समोर.

भाषा कुणाची?

आणखी एकच मुद्दा, मग थांबतो. आपल्या नाटकांत मुसलमान पात्र आलं की ते मोडकंतोडकं हिंदी बोलतं. "हम तुमको छोडेगा नहीं." आपल्याकडचे मुसलमान असं बोलतात का? बाजारात ऐका. ते घरात त्यांची हिंदी-उर्दू बोलतील, पण दुकानात तुमच्याशी तुमच्याच बोलीत बोलतात, "काहून गा, आज लवकर आला?" संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्याच्या आवाजानं मैदानं हलली, तो शाहीर अमर शेख बार्शीचा, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्याच्याही कितीतरी आधी श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद मराठीत लिहून गेले. १९९० मध्ये सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. ही मराठी त्यांचीही आहे. पात्राच्या तोंडून ती काढून घेतली की त्याला गावाबाहेर काढायला फार वेळ लागत नाही.

म्हणून तुमच्यातल्या नाटक लिहिणाऱ्यांना आणि बघणाऱ्यांना माझी विनंती एवढीच. पुढच्या वेळी असं पात्र समोर आलं की तीन गोष्टी तपासा. त्याला घर आहे का? त्याला चुकायची आणि रागवायची मुभा आहे का? आणि त्याच्या तोंडी त्याची खरी बोली आहे का? तीनही नसतील तर समजा, स्टेजवर माणूस आलेला नाही, नुसता अंगरखा आलाय.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : सर, आमी मंडळात काम करतो. खान काढून टाकला तं पब्लिक तिकीट काढन का? पब्लिकले तं तेच आवडते.

हा प्रामाणिक प्रश्न आहे. झाडीपट्टीचं नाटक तिकिटावर उभं आहे, ते मी विसरलेलो नाही. खान काढा असं मी म्हणतच नाही. अफजलखान चालून आला होता हा इतिहास आहे, आणि खलनायक हा खलनायकच राहणार. पण इतिहास दाखवायचाच तर पुरता दाखवा. शिवरायांच्या पायदळाचा सरनोबत नूरखान बेग होता. आरमारात दौलतखान होता. आणि खानाकडून बोलणी करायला आलेला वकील कोण? कृष्णाजी भास्कर. ही लढाई राज्याची होती, हे त्यावरून आपोआप कळतं. खानाची कबरही प्रतापगडाच्या पायथ्याशी आहे. आता मला सांगा, खानाच्या सैन्याशी लढणारा मुसलमान मावळा, तोही मराठीत बोलणारा, त्याला एक चांगला प्रवेश लिहून दिला तर नटाला टाळ्या मिळणार नाहीत? मला वाटतं मिळतील. आपलं पब्लिक रात्रभर जागतं, पहाटेपर्यंत बसतं. त्याला कमी समजू नका. आणि सामाजिक नाटकं तर तुम्हीच लिहिता : दारू, जमीन, सोयरीक. त्यात एखादं मणियाराचं घर येऊ द्या. त्याच्या पोरीच्या लग्नाचं कर्ज येऊ द्या. ते कर्ज काही वेगळं नसतं.

प्रश्न : पूर्वग्रह काय फक्त आपल्याच मनात आहेत? त्यांच्या मनात आपल्याबद्दल नाहीत का?

आहेत. का नसतील? तीही माणसंच आहेत. त्यांच्या घरांतही 'ते लोक' असा कप्पा असतो, आणि त्यात आपण असतो. त्यावर बोलायचं काम दलवाईंसारख्या माणसांनी केलं आणि त्याची किंमतही मोजली. पण मी इथं बसून त्यांच्या अंगणातला केर मोजू लागलो तर माझं अंगण कोण झाडेल? शिवाय एक हिशोब लक्षात घ्या. ज्या गावात एकच घर आहे, तिथं त्या एका घराच्या मनातल्या ग्रहानं गावाचं फारसं बिघडत नाही. गावाच्या मनातल्या ग्रहानं त्या घराचं सगळंच बिघडू शकतं. ज्याची संख्या मोठी, त्याची जबाबदारी आधी.

वेळ झाली आहे, लांबच्या लोकांना परत जायचंय. चाचा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तो अंगरखा मंडळानं पुढंही कित्येक हंगाम वापरला. शिलाई पक्की होती. त्यांच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही, याचं मला वाईट वाटतं. त्याहून जास्त वाईट याचं वाटतं, की खान हसला त्या रात्री मी स्टेजवर होतो, समोर सगळं पब्लिक दिसत होतं, आणि तरी चाचांच्या चेहऱ्याकडं माझं लक्ष गेलं नाही.

या हंगामात नाटकाला जाल तेव्हा एवढं करा. खान हसला, शिट्ट्या सुरू झाल्या, की एकदा मागं वळून बघा, घोंगडी पांघरून कोण बसलंय.

नमस्कार.